घाटाआधी गाडीचे पाणी, ब्रेक आणि बॅटरी : घरी काय पाहावे आणि कुठे थांबावे

घाटमाथा (कोल्हापूर)

मागच्या जूनमध्ये रत्नागिरीहून परतताना साखरपा मागे पडले, आंबा घाटाचा चढ सुरू झाला आणि अर्ध्या चढावर डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, आत आम्ही चार मोठी माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. या गाडीला तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा आणि फार तापल्यावर लाल, एवढे दोनच दिवे आहेत. त्यामुळे लाल दिवा लागला तेव्हा फारसा वेळ उरलेला नव्हता. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले तर वाफ येत होती. मी फडके घेऊन रेडिएटरचे टोपण फिरवणार, तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकच्या चालकाने हात धरला. त्या टोपणाखाली दाबाने कोंडलेले, शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी असते आणि टोपण सैल होताच ते तोंडावर उसळते, हे मला ऐकून माहीत होते. तरीही घाईत हात तिकडेच गेला होता.

पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावर जवळचे पाणी थोडेथोडे भरले आणि एसी बंद ठेवून हळूहळू आंबा गाव गाठले. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कारण कळले. रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीवरचा क्लॅम्प सैल झाला होता आणि तिथून इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, थेंबथेंब जात होते.

क्लॅम्प सैल होणे ही किरकोळ बाब आहे. मला लागून राहिले ते वेगळेच. एप्रिल आणि मे महिन्यांत कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेखाली गेलेली मी तीन वेळा पाहिली होती आणि तिन्ही वेळा बोअरचे पाणी ओतून टाकी भरली होती. पाणी भरले म्हणजे काम झाले असे मी धरून चाललो आणि हे पाणी जाते कुठे, असा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नाही. शीतकरणाची यंत्रणा बंदिस्त असते. निरोगी गाडीत महिन्याला टाकी भरण्याची वेळ येत नाही, त्यामुळे पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर गळती असतेच, मग ती बाहेर असो वा इंजिनाच्या आत.

त्यानंतर मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवतो. कूलंट, ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या पातळ्या पाहतो आणि वहीत टिपतो. गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवतो आणि त्यावर पडलेल्या डागांचा रंग पाहतो. हिरवा किंवा लाल चिकट डाग कूलंटचा, तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा आणि एसी लावल्यावर पडणारे स्वच्छ पाणी निरुपद्रवी. चारही टायर आणि स्टेपनी यांच्यातली हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्याशी ताडून पाहतो. चारही टायरांची हवा थोडी उतरली असेल तर ते स्वाभाविक आहे, पण एकाच टायरची दर महिन्याला चार-पाच पीएसआयने उतरत असेल तर तिथे खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिमची कड यांपैकी काहीतरी आहे असे समजावे. तिथेही नुसती हवा भरून भागत नाही.

पावसाळा तोंडावर आहे. घरी करता येण्याजोगी आणि मिस्त्रीकडेच सोपवावीत अशी कामे कोणती, याविषयी जाणकारांनी या ऑनलाइन धाग्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

निळा कंदील (पुणे)

धागा वेळेवर आला. माझी गाडी सहा वर्षांची असून ५२,००० किलोमीटर चालली आहे. आपला धागा वाचून काल बॉनेट उघडले तेव्हा ब्रेक ऑइल वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्यावरून आणखी खाली गेलेले दिसले. गाडीखाली डाग नाही आणि पेडल नेहमीसारखेच लागते. कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणून मी ते भरून घेऊ का? पुढच्या महिन्यात ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचे आहे आणि सोबत वडील असतील, म्हणून विचारतो.

आगारवाला (सांगली)

एस.टी.च्या कार्यशाळेत २८ वर्षे काम करून मी निवृत्त झालो. बस आणि मोटार यांच्या ब्रेकची रचना वेगळी असते. मोठ्या बसला हवेचे ब्रेक, तुमच्या गाडीला तेलाचे. तरीही घाट उतरताना होणारी चूक दोन्हीकडे एकच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

निळा कंदील, भरू नका. आधी पुढच्या चाकांचे पॅड, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पट्ट्या, पाहा. पॅड झिजतात तसतसे त्यांना ढकलणारे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा तेलाने भरते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे गळती नसतानाही पातळी खाली जाऊ शकते आणि तसे असेल तर ती पॅड झिजल्याची खूण असते. अशा वेळी वरून तेल भरले, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातील आणि तेल टाकीतून उतू जाईल. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे ते बॉनेटखालच्या पत्र्यावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे लागते. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर मात्र गळती शोधलीच पाहिजे. मागच्या ब्रेकच्या ड्रममधला, तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारा व्हील सिलिंडर आतल्या आत गळतो आणि बाहेर जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या कडेवर ओलसर काळा पट्टा दिसला तर ती गाडी घाटात न्यायची नाही.

पॅडची जाडी घरी पाहता येते. अलॉय रिम असेल तर फटीतून टॉर्च मारूनही दिसते, नाहीतर चाक काढावे लागते. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. घाटात जायचे असेल तर ४ वर असतानाच बदलले तरी पैसे वाया जात नाहीत. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, त्याने घाबरू नये. दोन-चार वेळा ब्रेक मारला की तो पुसला जातो.

चाक काढणार असाल तर एवढे पाळा. जागा सपाट आणि कडक हवी, पेव्हर ब्लॉक किंवा ओली माती चालणार नाही. हँडब्रेक लावावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत आणि मगच जॅक चढवावा. जॅक पत्र्याखाली कुठेही न लावता मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच लावावा. आणि ज्या गाडीला फक्त जॅकचा आधार आहे तिच्याखाली हात, डोके, पाय यांतले काहीही घालू नये. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. मी कार्यशाळेत लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणालाही खाली जाऊ दिले नाही आणि हे घरच्या अंगणातही तितकेच लागू आहे. चाक परत बसवताना नट एकाआड एक, चांदणीच्या रेघांप्रमाणे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. शेवटचे आवळणे गाडी खाली उतरवल्यावर करावे आणि पन्नास किलोमीटरनंतर पाना पुन्हा लावून पाहावा.

आता तेलाच्या वयाबद्दल. मोटारींत डॉट ३ किंवा डॉट ४ या दर्जाचे, ग्लायकॉलवर आधारलेले तेल असते आणि ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. नव्या, कोरड्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच तेल ठरावीक प्रमाणात पाणी प्यायल्यावर ही मर्यादा १५५ अंश धरली जाते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागातल्या, तेलापर्यंत पोहोचते आणि जुन्या तेलातल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल एकदम मऊ होऊन खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. सपाट शहरात त्याच गाडीचे ब्रेक वर्षानुवर्षे उत्तम लागलेले असतात, म्हणून मालकाला संशयही येत नाही. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी तेल बदलणे योग्य असते. तुमच्या सहा वर्षांच्या गाडीचे ते कधी बदलले याची नोंद नसेल तर बदललेलेच नाही असे धरा. हे काम मात्र गॅरेजमध्येच करून घ्या. हवा काढण्यात चूक झाली तर पेडल स्पंजसारखे लागते, आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांमध्ये हवा काढायला संगणक जोडावा लागतो.

आमच्याकडे नव्या चालकाला पहिल्या दिवशी सांगत असू की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आजही दिसतात आणि मला ते पाहवत नाही. इंधन इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ बंद होते, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागते. म्हणजे बचत होत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला मदत करणारी निर्वात डबी दोन-तीन दाबांत रिकामी होते आणि मग पेडल दगडासारखे कडक लागते.

पानवेल (रत्नागिरी)

आगारवाला काका, चाक काढण्याचा क्रम मी लिहून घेतला आहे, कारण पाच वर्षे गाडी चालवूनही मी आजवर पंक्चर झाले की कुणाची तरी वाट पाहत बसत असे.

आमच्याकडच्या पावसात दोन गोष्टी दरवर्षी घडतात, त्या इथे लिहिते. समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जाळीदार प्लॅस्टिक असते. अंगणात आंबा, फणस किंवा बकुळ असेल तर त्या जाळीत पाने साचतात, पाण्याची वाट बुजते आणि पाणी आत शिरते. माझ्या गाडीत डाव्या बाजूच्या पायाखालची चटई ओली होत होती आणि मी ती नुसती वाळवत राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात फ्यूजच्या पेटीत ओल गेली आणि हॉर्न आपोआप वाजू लागला. कारण फक्त पाने होती. आता मे अखेरीला हाताने जाळी साफ करते आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकाच्या बाजूने खाली पडते का ते पाहते. चटई ओली होण्याचे दुसरे कारण एसीच्या पाण्याची नळी तुंबणे हे असते. एसी अर्धा तास चालवूनही गाडीखाली पाणी पडत नसेल आणि आत ओल असेल तर ती नळी पाहावी.

दुसरी गोष्ट उंदरांची. पाऊस लागला की ते ऊब शोधत इंजिनावर येतात. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या, फवारे, सगळे करून पाहिले, पण काही दिवसच गुण येतो. खरा उपयोग रोज गाडी हलवण्याचा आणि आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहण्याचा झाला. गवत, कापूस, शेंगांची टरफले दिसली की लगेच काढून टाकावीत आणि वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहून मगच गाडी चालू करावी.

घाटमाथा, एक आठवण करून देते. कूलंट अंगणात सांडले तर पाण्याने धुवा. त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. थोडेसे पोटात गेले तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात.

रानवाट (नाशिक)

बाकी सर्व पटले, पण कूलंटबद्दल माझे मत वेगळे आहे. कूलंट पाणी गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडे पाणी कधी गोठत नाही, मग चांगले गाळलेले पाणी घातले तर काय बिघडते? आमच्या जुन्या जीपमध्ये वीस वर्षे साधे पाणीच होते.

घाटमाथा (कोल्हापूर)

रानवाट, मीही असेच मानत होतो. गॅरेजमध्ये माझा रेडिएटर उघडला तेव्हा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आतल्या बारीक नळ्यांवर बसलेला पाहिला आणि ते मत सोडले. गाळण्याने माती जाते, पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. ते तापलेल्या पृष्ठभागावर खवल्यासारखे जमतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत.

न गोठणे हा कूलंटचा एक गुण झाला. आपल्या उपयोगाचे त्याचे गुण दुसरेच आहेत. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध पाणी यांचे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा काही अंश वरच्या तापमानाला उकळते आणि टोपणाने दाब राखला की ही मर्यादा आणखी सुमारे वीस अंशांनी वाढते. त्याहून महत्त्वाची आहेत त्यातली गंजरोधक द्रव्ये. जुन्या जीपचे इंजिन ओतीव लोखंडाचे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. आजच्या गाडीत इंजिनाचे हेड आणि रेडिएटर दोन्ही ॲल्युमिनियमचे असतात आणि साध्या पाण्यात त्यांना आतून खड्डे पडतात. कूलंटमधली ही द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने ते बदलावे लागते. रंग पाहून एका जातीत दुसरी जात मिसळू नये, बाटलीवरचे वर्णन पुस्तिकेशी ताडून पाहावे. वाटेत अडचण आली तर मिळेल ते पाणी घालून घर गाठावे, मात्र नंतर सगळे काढून शुद्ध पाण्याने धुऊन नवे कूलंट भरावे. ॲल्युमिनियमचे हेड फार तापलेले असताना त्यात थंड पाणी ओतू नये, ते वाकडे होते आणि मग दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

घरी करण्याजोगी एक तपासणीही सांगतो. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन आणि एसी चालू करावा. बहुतेक गाड्यांमध्ये थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. तो फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर यांपैकी काहीतरी गेले आहे. त्या वेळी हात आणि ओढणी-उपरणे पंख्यापासून लांब असावे, कारण तो अचानक सुरू होतो. गाडी सिग्नलला उभी असताना तापते आणि धावू लागली की निवते, असे असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. चढावर वेगात असतानाही तापत असेल तर कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अडकला आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे. काटा नसलेल्या गाडीत स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा ओबीडी वाचक (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) घेतला तर कूलंटचे तापमान मोबाइलवर अंशांत दिसते. मी तो घेतला आणि लाल दिव्याची वाट पाहणे संपले.

संत्रानगरी (नागपूर)

बॅटरीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. बॅटरी मारतो आमचा मे महिना, पण ती मरते जुलैत. उष्णतेने आतल्या प्लेटा खराब झालेल्या असतात आणि पावसात वायपर, दिवे, पंखा असे सगळे एकदम चालू झाले की ते उघड होते. साधा मल्टिमीटर घ्यावा. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसायला हवे. तेवढे येत नसेल तर दोष आल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा) किंवा त्याच्या बेल्टचा असू शकतो. माझ्या भावाने नवी बॅटरी आणली आणि तीही आठवड्यात बसली, कारण आल्टरनेटर कुणी तपासलाच नव्हता. घाटमाथा यांनी पाण्याबद्दल जे लिहिले तेच इथेही घडले.

टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर आला असेल तर आधी निगेटिव्ह तार सोडवावी, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुना ब्रश घेऊन साफ करावे, कोरडे करावे, आधी पॉझिटिव्ह जोडावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. दुसऱ्या गाडीवरून जोडणी देताना शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते.

आगारवाला (सांगली)

संत्रानगरी यांचे अगदी बरोबर आहे. एक भर घालतो. पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि इंजिनाच्या पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि ओढून गॅरेजला न्या. नेहमीच्या विम्यात अशा इंजिनाची भरपाई बऱ्याचदा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. पॉलिसी पावसाआधीच वाचून ठेवा.

निळा कंदील (पुणे)

काका, आपण सांगितल्याप्रमाणे ठोकळे लावून पुढचे डावे चाक काढले. बाहेरचा पॅड ५ मिलिमीटर आहे, पण आतला जेमतेम २ उरला आहे. उजवीकडे दोन्ही ५ आहेत. मागे ओल कुठेही नाही. एकाच पॅडची झीज इतकी जास्त का, हे कळत नाही.

आगारवाला (सांगली)

बाहेरून टॉर्च मारून पाहिले असते तर फक्त ५ दिसले असते, म्हणून चाक काढलेत ते उत्तम केले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली एखादी गंजून अडकली आहे किंवा पिस्टन पूर्ण मागे येत नाही. पॅड बदलताना पुढचे चारही एकदम बदलून घ्या आणि मिस्त्रीला पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावायला सांगा. साधे ग्रीस तिथे रबर फुगवते. पिस्टन हाताच्या क्लॅम्पने सहज मागे जातो का, ते स्वतः उभे राहून पाहा. त्याच वेळी तेलही बदला. नव्या पॅडवर पहिले दोनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, म्हणजे ताम्हिणीपर्यंत ते डिस्कवर नीट बसलेले असतील.

निळा कंदील (पुणे)

आज काम करून घेतले. डावीकडची खालची पिन पूर्ण अडकली होती आणि हातोडीने ठोकूनच निघाली. टाकीतून काढलेले तेल चहासारखे तपकिरी होते. नवे पॅड बसवल्यावर पातळी आपोआप वरच्या रेघेजवळ आली.